हायब्रीडचं बी

सुनेनं गाडी घेतली तेव्हा पेढा मी खाल्ला, पण गाडीत काही बसले नाही. कारण गाडीचं नाव.

"आई, हायब्रीड आहे," निवेदिता म्हणाली, आणि असं तोंड केलं की आता मी टाळ्याच वाजवणार.

हायब्रीड म्हणजे काय हे मला कुणी शिकवू नये. माझ्या वडलांच्या रानात ती ज्वारी पहिल्यांदा पेरली तेव्हा पाखरं राखायला मीच होते. आम्ही हायब्रेट म्हणायचो. कणीस असं टपोरं, की बघणाऱ्यानं बघत राहावं. भाकरी थापायला घ्यावी तर कडेनं चिरा. खायला घ्यावी तर चव नाही. कणसात पाऊस शिरला की दाणा काळा. कडबा बैलांपुढं टाकला तर बैल कडब्याकडं न बघता आमच्याकडं बघायचे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्याचं बी धरता यायचं नाही. घरचं बी ठेवून पेरलं तर पुढच्या साली एक धाट उंच, एक बुटकं, कुणाचा कुणाला मेळ नाही. तेव्हापासून आमच्या गावात नुसतंच दिसायला धड असलेल्या माणसाला हायब्रेट म्हणतात. आता ते रानही नाही, त्यावर कंपनीची शेड आहे, पण शब्द राहिला.

आणि ही सांगवीची लेक, बँकेतल्या साहेबाची मुलगी, ते नाव घरात हौसेनं घेऊन आली.

"ही पेट्रोलवर पण चालते आणि बॅटरीवर पण," ती म्हणाली.

"मंग रातची चार्जिंगला का लावत न्हाईस? मोबाइल लावतीस तशी?"

"लावावी लागत नाही. चालता चालता आपली आपण चार्ज होते. उताराला तर जास्तच."

उताराला कुणाचं पोट भरतं, हे मला तेव्हाही कळलं नाही. मी विषय सोडून दिला. न कळलेल्या गोष्टीवर मान डोलवायची मला सवय नाही.

पण कडजाईच्या जत्रेनं माझी अडचण केली.

कडजाई आमची कुळाची देवी. राजगुरुनगर सोडलं की पश्चिमेला डोंगर लागतो. एक खडी खिंड चढायची, आणि पलीकडं तेवढंच खाली उतरायचं, तेव्हा खोऱ्यात देऊळ. चैत्रातल्या जत्रेला दुपारची आरती होते, आणि त्या आरतीला पहिला नैवेद्य आमच्या थोरल्या पातीचा, म्हणजे भावकीतल्या थोरल्या शाखेचा. हा मान माझ्या सासूचा होता, तिच्या सासूचा होता. अट एकच. आरती सुरू व्हायच्या आत पुरणपोळीची टोपली पायरीवर टेकली पाहिजे. थोरल्या पातीची नसेल तर धाकट्या पातीची पहिली, आणि ती एकदा पहिली झाली की पुढं कायमची तीच पहिली.

धाकटी पाती म्हणजे विमलबाई. माझी चुलत जाऊ. पूर्वी मला आक्का म्हणायची. एका लग्नात चारचौघींत म्हणाली, "छबूबाईंच्या पुरणात गूळ हात राखून असतो." त्या दिवसापासून मी तिच्याशी बोलत नाही. गूळ बरोबर होता.

यंदा माझ्या मुलाच्या, धनेशच्या कंपनीत बाहेरदेशीचे पाहुणे आले, त्याला रजा नाही. त्याची जीप क्लच गेला म्हणून गॅरेजात उभी. मी म्हटलं, एसटीनं जाते. धनेश म्हणाला, "एसटी खिंडीच्या अलीकडं सोडते, आई. पुढं काय टोपली डोक्यावर घेऊन चढणार आहेस?" माझ्या गुडघ्यांनी माझ्या आधी उत्तर दिलं. तेवढ्यात निवेदिता किल्ली घेऊन पुढं आली. किल्ली तरी कसली, काळी डबी. ती भोकात घालायचीसुद्धा नाही.

मी पुढं बसले, टोपली मांडीवर.

"डिकीत ठेवू का?" तिनं विचारलं.

"देवीचा निवद डिकीत? स्टेपनीच्या शेजारी?"

तिनं पट्टा लावला. मी गाडी सुरू व्हायची वाट बघत राहिले. बराच वेळ काही होईना.

"कर की चालू."

"चालू आहे, आई."

मी कान दिला. काही नाही. आणि मग आमचं फाटक आपोआप मागं जायला लागलं. मी टोपली घट्ट धरली. बैलगाडी कुरकुरते, सायकल टिकटिकते. नुसती सरकत जाणारी गाडी मी पहिल्यांदाच बघत होते, आणि नेमकी आतून.

चाकणच्या चौकात ट्रेलरच्या मागं अडकलो. त्या आधी कुठंतरी आवाज सुरू झाला होता, तो चौकात पुन्हा बंद झाला.

"पडली बंद," मी म्हटलं. "मला वाटलंच."

"बंद नाही पडली, थांबलीये."

"मंग बंद पडल्यावर कशी असती?"

ती हसली. समोर काचेच्या पाटीवर एक चित्र होतं. चाकं, इंजिन, बॅटरी, आणि त्यांच्यामधून बाण पळत होते. कधी बॅटरीकडून चाकाकडं, कधी चाकाकडून बॅटरीकडं. मी राजगुरुनगरपर्यंत त्या बाणांवर नजर ठेवली. कोण कुणाला देतंय आणि कोण कुणाकडून घेतंय, याचा पत्ता लागेना. आमच्या भावकीसारखंच होतं ते.

खिंड लागली तेव्हा ऊन चढलं होतं. पुढं जत्रेचा एक टेंपो, माणसांनी भरलेला, नांगरटीच्या बैलासारखा फुसफुसत चालला होता. ऐन चढावर, वळणाच्या तोंडाशी तो थांबला आणि त्याच्या तोंडातून वाफ निघाली. निवेदितानं ब्रेक दाबला. आणि आमची गाडी, त्या खड्या चढावर, मागं सगळी दरी असताना, गपकन शांत झाली.

चढावर बंद पडलेली गाडी मागं येते. हे मला माहीत आहे. माझ्या माहेरी ऊस भरलेली बैलगाडी नाल्याच्या चढावरून मागं आलेली मी बघितली आहे. मी दार उघडलं आणि टोपलीसकट खाली उतरले.

"आई! कुठं चाललात?"

"तू दाबून धर ब्रेक. हलू नको."

रस्त्याच्या कडेला एक चांगला पाट्याएवढा दगड होता. टोपली डोक्यावर एका हातानं धरून दुसऱ्या हातानं मी तो लोटत आणला आणि मागच्या चाकाला लावला. गुडघ्यांनी जी शिवी द्यायची ती दिली.

"आई, ती मागं जात नाही. ब्रेक सोडला तरी धरून ठेवते आपली आपण," निवेदिता आतून सांगत होती.

"कोण धरून ठेवतं? इंजिन तर झोपलंय!"

तेवढ्यात मागून हॉर्न वाजला. धाकट्या पातीची जीप. चालवायला विमलबाईचा खंडू. धूर सोडत, दणादण आवाज करत ती आमच्या आणि टेंपोच्या कडेनं वर निघाली. गाडीसारखी गाडी. खिडकीतून विमलबाईनं मान बाहेर काढली. तिची टोपली तिच्या मांडीवर, वर जरीचा रुमाल.

"काय हो छबूबाई," ती ओरडली, "ढकलायला माणसं पाठवू का?"

टेंपोतली माणसं हसली. जीप वळणाआड गेली. मी गाडीत येऊन बसले आणि दार असं आपटलं की निवेदितानं डोळे मिटले.

"गेला," मी म्हटलं. "मान गेला. तुझ्या ह्या हायब्रेटपायी माझ्या सासूचा मान गेला."

"अजून कुठं आरती झालीये?"

टेंपो बाजूला झाला. तिनं पाय उचलला. मी डोळे मिटून देवीचं नाव घेतलं. गाडी मागं गेली नाही. पुढं गेली, आवाज न करता. आणि मग चढ आणखी खडा झाला तसं कुठून तरी खालून इंजिन जागं झालं आणि जे ओरडायला लागलं, की मला पुन्हा भीती वाटली. मघाशी ओरडत नाही म्हणून भ्याले, आता ओरडते म्हणून. स्वतःचाच राग आला.

खिंडीच्या माथ्यावर पोचलो. खाली, खूप खाली, देवळाचा पांढरा कळस दिसला. रस्ता त्याच्याकडं सापासारखा उतरत होता. जीप दोन वळणं खाली, धूळ उडवत.

"न्यूट्रल कर," मी म्हटलं.

"काय?"

"धनेश करतो. उताराला न्यूट्रल करायची आन सोडायची. पेट्रोल बी वाचतं, गाडी बी पळती. खंडूनं तेच केलंय बघ, कसा चाललाय. कर न्यूट्रल."

निवेदितानं माझ्याकडं बघितलं. माझ्या घरात आल्यापासून तिनं मला उलट उत्तर दिलेलं नाही. तिची पद्धत वेगळी आहे. ती हो म्हणते आणि स्वतःला करायचं तेच करते.

"हो आई," ती म्हणाली. "आता मी बी मध्ये टाकते."

मला वाटलं ऊन लागलं पोरीला.

"काय टाकतीस?"

"बी. उताराला बी मध्ये टाकायचं असतं."

"अगं कसलं बी? रस्त्यात कशाचं बी टाकतीस? हायब्रीडचं?"

तिनं दांडा खाली ओढला. पाटीवर एक इंग्रजी अक्षर उजळलं. तसं गाडीला कुणीतरी मागून शेपटी धरून ओढल्यासारखं झालं. ती सावकाश झाली आणि घशातून गुरगुरायला लागली.

"ह्याला बी म्हणतात, आई. गाडीचं इंजिनच गाडीला मागं ओढून धरतं. ब्रेक तापत नाहीत."

"आगं मघाशी चढाला तेच इंजिन झोपलं होतं! आता खाली जायचंय तर मागं ओढतंय?"

एका वळणानंतर गुरगुर वाढली. मग तिचा आरडाओरडा झाला. चढालाही एवढी ओरडली नव्हती. मी म्हटलं, संपलं. पोरगी घाबरली आणि चुकून दाबलं.

"रेस देऊ नको! उताराला रेस देऊ नको, मरू दोघी!"

"मी नाही देत. पाय बघा माझे."

मी वाकून बघितलं. तिचे दोन्ही पाय खाली नुसते टेकलेले. एकही कशावर नव्हता. त्यानं मला धीर यायला हवा होता. उलट मी टोपली आणखी घट्ट धरली. पाय देत नाही, तर मग देतंय कोण?

"बॅटरी भरली," ती म्हणाली. "उतारानं भरली. आता जास्तीचं तिच्यात मावत नाही, म्हणून ते इंजिन घेतंय. म्हणून ओरडतंय."

"भरल्या पोटी ओरडणारी मी पहिलीच बघितली."

"आई, खरंच, घाबरू नका."

"मी घाबरत न्हाई. मला पोचायचंय. तू जोरात घे."

"जोरात नाही घेणार," ती म्हणाली. सरळ. हो वगैरे काही नाही. मी तिच्याकडं बघतच राहिले. तिचे हात स्टिअरिंगवर पक्के होते, आणि नजर रस्त्यावर.

खालून देवळातली घंटा ऐकू आली. एकच टोला. आरतीची तयारी झाली की गुरव असा एक टोला देतो, सगळ्यांनी गोळा व्हावं म्हणून. माझ्या हातातल्या पोळ्या अजून कोमट होत्या, मला रुमालातून कळत होतं. जीप कुठं दिसत नव्हती. म्हणजे पोचली असणार. विमलबाई आता पायरीवर टोपली टेकवत असेल, पदर सावरत, चारी बाजूंना बघत. माझ्या सुनेला आणि नातसुनांना आता जन्मभर तिच्या मागं उभं राहावं लागणार.

आणि मग वास आला. जळका, घशात बसणारा.

"थांबव! जळतीया! आपली जळतीया!"

"आपली नाही," निवेदिता म्हणाली आणि पुढच्या वळणाकडं बोट केलं.

जीप डोंगराच्या कडेला गटारात तोंड घालून उभी होती. पुढच्या दोन्ही चाकांतून धूर निघत होता. खंडू बाटलीतलं पाणी चाकावर ओतत होता आणि पाणी चर्रचर्र वाजत होतं. रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला, जिथं कठडा नाही तिथं, काही नव्हतं, नुसती हवा. त्यानं गाडी मुद्दाम डोंगरात घातली होती, नाहीतर त्या हवेत गेले असते.

विमलबाई गटाराच्या काठावर उभी होती. टोपली छातीशी धरलेली. जरीचा रुमाल कुठं पडला होता कोण जाणे. तिचं तोंड पिठासारखं झालं होतं.

निवेदितानं गाडी कडेला घेतली. आमचं इंजिन गप्प झालं. सगळीकडंच एकदम गप्प झालं, फक्त ते चर्रचर्र.

"ब्रेकच लागंना झाला," खंडू म्हणाला. कुणाला, ते त्यालाही माहीत नव्हतं. "दाबतोय, दाबतोय, पार आत जातोय. न्यूट्रलला होती. पुन्हा गिअर पडंना." मग त्यानं आईकडं बघून हात झटकला. "तू जा. मी थांबतो गाडीपाशी."

निवेदिता माझ्याकडं बघत होती. तिनं थांबवली होती, पुढचं माझ्यावर सोडलं होतं. मला तिचा राग आला. खाली आरतीला माणसं गोळा होत होती, पायरी मोकळी होती, आणि मी एकटी जाऊन टोपली टेकवली असती तर कुणी मला एक शब्द बोललं नसतं. उलट देवीनंच निवाडा केला म्हणाले असते. मीसुद्धा तेच म्हणाले असते, आणि गावभर म्हणाले असते.

विमलबाई खिडकीपाशी आली. ढकलायला माणसं पाठवू का म्हणणारं तोंड आता माझ्या काचेला लागलं होतं. मी काच खाली करायला बटण शोधत होते, ते सापडेना. निवेदितानं तिच्या बाजूनं केली.

"आक्का," ती म्हणाली. "मला बी घ्या."

त्या दिवशी ते अक्षर मी इतक्यांदा ऐकलं होतं, की क्षणभर मला कळेना ही काय मागते आहे.

"मागं बस," मी म्हटलं. "टोपली मांडीवर घे. सांडलीस तर बघ."

ती बसली. टोपली तिनं दोन्ही हातांनी धरली.

"आन ढकलायला लागली तर उतरशील ना?" मी पुढं बघत विचारलं.

"उतरीन," ती म्हणाली, अगदी बारीक आवाजात. मला वाटलं होतं मजा येईल. आली नाही.

निवेदितानं गाडी सोडली. वळणावर इंजिन पुन्हा ओरडायला लागलं आणि मागून विमलबाईनं माझ्या खांद्याला धरलं.

"अगं पोरी, रेस देऊ नको! आक्का, सांगा की तिला!"

"कशावर पाय न्हाई तिचा," मी म्हटलं. "वाकून बघ."

"मंग ओरडतंय कोण?"

"बी मदी टाकलीया."

"कसलं बी?"

"उताराला टाकायचं असतंय बी. इंजिनच मागनं धरतंय. आन तिचं पोट भरलंय म्हणून ओरडतीया. तुला न्हाई कळायचं."

निवेदिता खालचा ओठ दातात धरून गाडी चालवत होती.

देवळापाशी पोचलो तेव्हा गुरव हातात पंचारती घेऊन उभा होता, वाती भिजवलेल्या, अजून पेटवलेल्या नव्हत्या. दोन्ही पातींची माणसं आमच्याकडं बघायला लागली. थोरल्या पातीची छबूबाई आणि धाकट्या पातीची विमलबाई एका गाडीतून उतरतात, हे बघायला मीसुद्धा थांबले असते.

मी पायरीपाशी गेले. वाकताना गुडघा अडकला. विमलबाई माझ्या मागं दोन हात लांब उभी राहिली. टोपली खाली ठेवली नाही तिनं. नुसती धरून राहिली. मी ठेवावी, मग तिनं ठेवावी, अशी ती थांबली होती. तिनं मान सोडला होता. न भांडता.

"पहिला कुणाचा?" गुरवानं विचारलं. दर वर्षी विचारतो. विचारायचं म्हणून विचारतो.

"आमचा," मी म्हटलं.

वाती पेटवायला त्यानं काडी ओढली. आणि माझं तोंड मला न विचारता पुढं बोललं.

"आन हिचा बी."

काडी त्याच्या बोटापर्यंत जळत आली. त्यानं ती झटकली.

"असं कसं, आक्का? पहिला एकच असतो."

"मंग यंदा हायब्रीड म्हण," मी म्हटलं. "दोन्ही एकदम."

"म्हणजे कसं?"

"ते माझ्या सुनेला विचार. लाव वाती, दिवस बुडंल."

विमलबाईची टोपली माझ्या टोपलीशेजारी टेकली. पायरी अरुंद, टोपल्यांच्या कडा एकमेकींत अडकल्या. आरती झाली. मी सगळा वेळ त्या दोन टोपल्यांकडं बघत होते आणि मला काही समजत नव्हतं. आता पुढच्या वर्षी कसं? दोघी एकदम यायचं? एकीला उशीर झाला तर दुसरीनं थांबायचं? माझी सासू असती तर मला पायरीवरच बडवली असती, की नसती, हेसुद्धा ठरवता येईना.

जेवताना विमलबाईनं माझी पोळी मोडली आणि मी तिची.

"गूळ?" मी विचारलं.

तिनं बराच वेळ चावून घेतलं. "थोडा कमीच हाय," ती म्हणाली.

तिच्यात जास्त होता. मीही सांगितलं.

उन्हं कलली तोवर खंडूची जीप गार झाली होती, पण मेकॅनिक आल्याशिवाय तो हलणार नव्हता. विमलबाई न विचारता आमच्या मागच्या सीटवर येऊन बसली होती. खिंड चढलो, आणि अलीकडच्या उताराला लागलो. वळणाच्या तोंडाशी निवेदितानं गाडी थांबवली. रस्त्याच्या मधोमध पाट्याएवढा दगड पडलेला.

"कुण्या येड्यानं टाकलाय हा इथं?" विमलबाई म्हणाली. "रातचं कुणी आपटलं म्हंजी?"

"आसंल कुणीतरी शहाणं," मी म्हटलं.

निवेदिता खाली उतरली, दगड लोटून कडेला केला, हात झटकले आणि येऊन बसली. एक शब्द बोलली नाही. पोरगी गुणाची आहे, हे मी लिहिते आहे, तिला सांगितलेलं नाही.

तिनं दांडा खाली ओढला. गाडी गुरगुरली, मग पुढच्या वळणावर गुरगुर एकाएकी थांबली आणि आम्ही चैत्राच्या वाऱ्यासारखे नुसते खाली सरकत राहिलो. पाटीवर बाण इकडून तिकडं, तिकडून इकडं.

"आता का गप झाली?" विमलबाईनं पुढं वाकून विचारलं. "पोट भरलं न्हाई का अजून? का रिकामं झालं?"

मी बाणांकडं बघितलं.

"मला तर काय कळंना बघा, आक्का," ती म्हणाली.

"मला बी," मी म्हटलं.